स्टेशन झालं, घर राहिलं

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी आईला मेट्रोने गिरगावला नेलं. वय वर्षं ब्याऐंशी, गुडघे गेलेले, पण महिनाभर एकच धोशा. "आपल्या गिरगावात स्टेशन झालंय म्हणे. मला बघायचंय." टीव्हीवर बघितलं होतं तिने. पण टीव्हीवर बघणं म्हणजे बघणं नव्हे, असं तिचं म्हणणं.

आम्ही राहतो लालबागला. इथून गिरगावला जायचा सरळ रस्ता म्हणजे भायखळा, जेजे आणि पुढे खाली. मेट्रोने जायचं तर आधी दादरला जायला हवं. म्हणजे दक्षिणेला जायचं म्हणून आधी उत्तरेला. टॅक्सी केली. एल्फिन्स्टनचा पूल १२ सप्टेंबरपासून बंद, त्यामुळे परळची सगळी गर्दी टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर. सेनाभवनाजवळ पोचायला पस्तीस मिनिटं लागली. टॅक्सी सरळ गिरगावला घेतली असती तर तेवढ्या वेळात जवळजवळ पोचलोच असतो.

खाली उतरलो आणि खरं सांगतो, मन हरखलं. लिफ्ट चालू, फलाट स्वच्छ, गार हवा, गाडी वेळेवर. आई खांबाला धरून उभी राहायला लागली तर एका कॉलेजच्या मुलीने उठून जागा दिली. सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक, सायन्स सेंटर, महालक्ष्मी, जगन्नाथ शंकरशेठ, ग्रँट रोड, गिरगाव. प्रत्येक नाव आलं की आई मान डोलवायची. अत्र्यांचं नाव ऐकून म्हणाली, "यांची भाषणं ऐकलीत मी, शिवाजी पार्कला." दादर ते गिरगाव वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आयुष्यभर हाच प्रवास लोकलने केला, घामाने भिजून. त्यामुळे या गाडीला नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही.

वर आलो. जगन्नाथ शंकरशेठ रोड. आईने इकडेतिकडे बघितलं, दिशा लागेना. मग एक देऊळ ओळखीचं दिसलं आणि तिथून ती बरोबर चालत आमच्या गल्लीत गेली. हातात माझा हात, पण रस्ता ती दाखवत होती.

गल्लीच्या टोकाला आमची चाळ होती. होती म्हणजे २०१३ पर्यंत. आता निळे पत्रे आहेत. पत्र्यांच्या फटीतून आत बघितलं तर पाया भरलेला, त्यातून वर आलेल्या सळ्या गंजलेल्या, आणि मधे एक पिंपळ माझ्या उंचीचा. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "स्टेशन झालं की रे. आपलं घर तेवढं राहिलं."

हे एक वाक्य डोक्यातून जात नाही म्हणून ही पोस्ट लिहितोय. लांब होणार आहे, आधीच सांगतो.

आधी आमच्या चाळीचं थोडक्यात, कारण ही गोष्ट फक्त आमची नाही. अडतीस बिऱ्हाडं. आमची खोली एकशे ऐंशी चौरस फूट, त्यात एके काळी नऊ माणसं. २०१३ साली पुनर्विकासासाठी खोल्या रिकाम्या केल्या. तीन वर्षांत ताबा, तोवर दरमहा भाडं, असा करार. भाड्याचे चेक चार वर्षं आले, मग थांबले. बिल्डरचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोग नाही आणि त्याच्यासारखे डझनावारी आहेत. अडतीसपैकी अकरा घरांतली म्हातारी माणसं या बारा वर्षांत गेली. कुणी डोंबिवलीत गेलं, कुणी विरारला, कुणी मुलीकडे पुण्याला. आई माझ्याकडे लालबागला आली आणि अजूनही माहेरवाशिणीसारखी राहते. स्वयंपाकघरातला डबा जागचा हलवायचा तरी विचारते.

आता हिशेब मांडतो. मेट्रो ३ चं काम साधारण २०१६-१७ मध्ये सुरू झालं. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. वाटेत मिठी नदी, विमानतळ, शंभर-दीडशे वर्षांच्या इमारती, काळबादेवी-गिरगावातले इतके अरुंद रस्ते की वरून पूर्ण खणता येईना म्हणून बरंचसं काम खालूनच करावं लागलं. अडथळे कमी आले असं कुणी म्हणू नये. कफ परेडच्या रहिवाशांची रात्रीच्या आवाजाबद्दलची याचिका, पारशी अताश बेहरामांच्या खालून बोगदा जातो म्हणून २०१८ चा खटला, आरेतली झाडं, कारशेड कांजूरमार्गला आणि परत आरेला. मधे करोनाची दोन वर्षं. एवढं सगळं होऊनही ७ ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी, १० मे २०२५ ला आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ९ ऑक्टोबर २०२५ ला थेट कफ परेडपर्यंत लोक प्रवास करू लागले. खर्च २३ हजार कोटींवरून ३७ हजार कोटींवर गेला, पण पैसे कमी पडले म्हणून बोगदा अर्धवट सोडून कुणी पळून गेलं नाही.

आणि त्याच रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर चार-पाच मजल्यांची एक इमारत बारा वर्षांत जमिनीच्या वर आली नाही.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने यातलं कोणतं काम अवघड होतं हे शाळकरी पोरही सांगेल. मग अवघड ते झालं आणि सोपं ते अडलं, असं का? कारण मेट्रोसाठी सरकारने स्वतंत्र कंपनी काढली, केंद्र आणि राज्य दोघांनी भांडवल घातलं, जपानच्या जायकाकडून कर्ज आणलं, प्रत्येक खटल्यात बाजू मांडायला वकील उभे केले, आणि उशीर झाला तर उत्तर द्यायला एक कार्यालय होतं. चाळीच्या बाबतीत भाडेकरू मालकाकडे बोट दाखवतो, मालक बिल्डरकडे, बिल्डर बँकेकडे, आणि म्हाडा व महापालिका एकमेकांकडे. जबाबदार कोण, याचं उत्तर कुठल्याच पत्त्यावर मिळत नाही.

इथे दोन प्रकारचे मित्र कमेंटमध्ये येणार हे मला माहीत आहे. दोघांना आधीच उत्तर देऊन ठेवतो.

पहिला म्हणेल, मेट्रोनेच गिरगावातला मराठी माणूस घालवला. मला हे पटत नाही. मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती गेल्या, २०१५ साली लोक रस्त्यावर उतरले, आणि त्या रेट्यामुळेच "मानखुर्दला पाठवणार नाही, इथल्या इथेच घर देऊ" हे कबूल करून घेतलं गेलं. ती लढाई छोटी नव्हती, ती लढणाऱ्यांना माझा नमस्कार. पण गिरगाव रिकामं व्हायला मेट्रोच्या कितीतरी आधी सुरुवात झाली होती. एका खोलीत तीन भावांचे संसार कसे मावणार? सत्तरच्या, ऐंशीच्या दशकात एकेक भाऊ बोरिवली, मुलुंड, डोंबिवली करत निघाला. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकाने दुरुस्ती सोडली, जिने लाकडाच्या टेकूवर उभे राहिले. उरलेल्यांनी पागडीने खोल्या विकल्या. आमच्याच मोठ्या काकांनी विकली, आणि त्या पैशात मुलांना उपनगरात दोन खोल्या घेऊन दिल्या. त्यांना मी दोष देत नाही. तेव्हा मेट्रोचा पत्ताही नव्हता. सगळं खापर मेट्रोवर फोडलं की ज्यांनी चाळी कुजू दिल्या ते आरामात सुटतात.

दुसरा मित्र म्हणेल, तुम्हा लोकांना विकासच नको. बाबा रे, विकास नको असं गिरगावात कुणी म्हणूच शकत नाही. ज्या नाना शंकरशेठांचं नाव मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनला दिलंय, ते गिरगावचेच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ती चालवणाऱ्या रेल्वे कंपनीच्या पहिल्या भारतीय संचालकांत ते होते. या देशात रेल्वे यावी म्हणून धडपडणारा माणूस आमच्या गल्लीशेजारचा. मेट्रो ३ ला माझा विरोध नव्हता आणि नाही. मला विचारायचंय ते एवढंच की मेट्रोचा फायदा नक्की कुणापर्यंत पोचला, आणि तो पुढे न्यायची जबाबदारी कुणाची.

देशभर आता मेट्रोची गणती किलोमीटरमध्ये होते. कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ ला पहिली मेट्रो धावली, दिल्लीत डिसेंबर २००२ मध्ये. मुंबईची पहिली, वर्सोवा-घाटकोपर, ८ जून २०१४ ला. मग नागपूर, पुणे, नवी मुंबई. जानेवारी २०२५ मध्ये देशाने हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला म्हणून जाहिराती आल्या. अभिमान वाटायलाच हवा. पण माणूस किलोमीटरमधून प्रवास करत नाही, तो घरापासून कामापर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत प्रवास करतो. मधली वीस मिनिटं गार हवेची असली आणि आधीची पस्तीस आणि नंतरची पंधरा मिनिटं हालाची असली, तर त्याच्या हिशेबात तो प्रवास सत्तर मिनिटांचाच.

हे सरकारलाही माहीत आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातच लिहिलंय की नव्या मेट्रोचा प्रस्ताव आणणाऱ्या राज्याने स्टेशनच्या आजूबाजूच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यातून लोकांना आणणाऱ्या पूरक बसगाड्यांची हमी द्यावी. मेट्रो ३ ला मंजुरी त्याच्या आधीची, २०१३ ची. म्हणून तो नियम तिला लागू नाही, असं कुणी म्हणेल. पण नियमामागचं शहाणपण तर लागू आहे ना?

आता परळ-लालबागचं बोलतो, कारण आता राहतो तिथे.

नकाशा उघडून बघा. मेट्रो ३ दादर पश्चिमेवरून प्रभादेवी, वरळी, महालक्ष्मी करत खाली उतरते. रेल्वेच्या पूर्वेला जे परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी आहे, तिथे तिचं एकही स्टेशन नाही. या भागात काय आहे? केईएम, टाटा, वाडिया. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. टाटाच्या बाहेर फुटपाथवर रिपोर्टची फाईल छातीशी धरून बसलेली कुटुंबं रोज दिसतात मला. बिहारचं असतं, सोलापूरचं असतं, रत्नागिरीचं असतं. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना स्टेशन मिळालं, विधान भवनाला मिळालं, बीकेसीला मिळालं. रुग्णालयांच्या या बेटाला मिळालं नाही.

आमच्या वाट्याला आली मोनोरेल. आंबेडकर नगर, मिंट कॉलनी अशी स्टेशनं. देशातली पहिली मोनो म्हणून २ फेब्रुवारी २०१४ ला चेंबूर-वडाळा सुरू झाली आणि ४ मार्च २०१९ ला संत गाडगे महाराज चौकापर्यंत आली. सुरुवातीपासून गाड्या कमी, प्रवासी कमी, तोटा जास्त. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात गाडी मधेच अडकली आणि पाचशेहून जास्त लोकांना अग्निशमन दलाने काढलं. लोकलचा खोळंबा झाला म्हणून मोनोत गर्दी झाली आणि त्या गर्दीचा भारच तिला पेलवला नाही. २० सप्टेंबर २०२५ पासून ती दुरुस्तीसाठी बंद झाली. म्हणजे आठ दिवसांच्या आत आमचा एल्फिन्स्टनचा पूलही बंद झाला आणि मोनोही.

मला कुणी सांगावं, की हे दोन निर्णय घेणाऱ्यांनी एकमेकांना फोन केला होता का?

या भागाला जुना इतिहास आहे म्हणून अजून वाईट वाटतं. दादर टीटी, परळ टीटी म्हणतो ना आपण, त्यातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. लालबागच्या हमरस्त्यावरून ट्राम जायची, गिरणीचा भोंगा झाला की कामगार तिच्यातून उतरायचे. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली. त्याला साठहून जास्त वर्षं झाली. मग १९८२ चा संप, गिरण्या बंद, गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर. लोकसंख्या वाढली, ऑफिसं वाढली, गाड्यांना पार्किंगचे मजले झाले. पण सर्वसामान्य माणसाला नेणाऱ्या गाडीची सोय वाढली का? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या रेल्वे पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. ऑफिसं हजारोंची झाली आणि जिना जुन्या गिरणीच्या काळातला राहिला. हे आपण विसरलो की काय?

आता बसकडे येतो, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी, दुसरा बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. बरोबर दीडशे वर्षांनी, खरं तर एकशे एक्कावन्न, ९ मे २०२५ ला त्याच शहरात दोन गोष्टी एका दिवशी झाल्या. मेट्रो ३ च्या बीकेसी ते आचार्य अत्रे चौक टप्प्याला हिरवा झेंडा दाखवला गेला. आणि बेस्टचं किमान भाडं पाचाचे दहा झालं, वातानुकूलित बसचं सहाचे बारा. मेट्रोची बातमी पहिल्या पानावर होती. बेस्टची बातमी कामवाल्या बायकांनी कंडक्टरकडून ऐकली.

बेस्टकडे एके काळी चार-साडेचार हजार बस होत्या. आता तीन हजारांच्या खाली आल्यात, आणि त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. ज्या संस्थेने मेट्रोपर्यंत माणूस आणायचा, तीच संस्था मेट्रो येत असताना आकसत गेली. म्हणजे एकीकडे विहीर खणली आणि दुसरीकडे पोहऱ्याचा दोर कापला.

थोडं गणित करू. ३७ हजार कोटींना साडेतेहतीस किलोमीटर, म्हणजे किलोमीटरमागे अकराशे कोटींच्या वर. एक वातानुकूलित इलेक्ट्रिक बस दोन कोटींना धरली, तर मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात साडेपाचशे बस येतात. मेट्रोऐवजी बस घ्यायला हव्या होत्या, असं मी म्हणत नाहीये. बसला बोगद्याचा वेग येणार नाही, आणि साडेपाचशे बस रस्त्यावर आणल्या तरी त्या याच ट्रॅफिकमध्ये अडकणार, हेही कळतं. पण एवढा खर्च केल्यावर त्याच्या वरचे दोन-तीन टक्के स्टेशनपर्यंतच्या बसवर आणि फुटपाथवर घालायला जीवावर यावं, हे मला समजत नाही. पंचपक्वान्नांचं ताट वाढायचं आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा नाही, असला प्रकार.

परिणाम दिसतोय. सरकारच्या माहितीत रोज १३ लाख प्रवासी अपेक्षित धरलेत. पूर्ण मार्ग सुरू झाला त्या पहिल्या दिवशी दीड लाखाच्या आसपास लोक होते. सुरुवात आहे, वाढतील, मान्य. दिल्लीतही सुरुवात अशीच होती. पण ते आपोआप वाढत नाहीत. दादर स्टेशनवर उतरलेला माणूस रानडे रोडच्या फेरीवाल्यांतून, दुचाक्यांतून, फुलांच्या चिखलातून दहा मिनिटं चालून मेट्रोला जाईल का, हा प्रश्न बोगद्याच्या तंत्रज्ञानाने सुटत नाही. तो सुटतो फुटपाथ मोकळा करून. आणि फुटपाथ मेट्रो कंपनीचा नाही, महापालिकेचा.

तिकिटाचंही तसंच. ऑक्टोबर २०२५ मध्येच 'मुंबई वन' ॲप आलं. एका ॲपवर मेट्रो, बस, लोकल सगळ्यांची तिकिटं. चांगली गोष्ट, माझ्या फोनवर आहे. पण तिकीट एकत्र झालं, भाडं एकत्र झालं नाही. बसचं किमान भाडं, मेट्रोचं किमान भाडं, पुन्हा बसचं किमान भाडं. कफ परेड ते आरे सत्तर रुपये. ज्याचा लोकलचा महिन्याचा पास काही शेकड्यांत होतो, तो माणूस हे भाडं रोज दोन वेळा कसं देणार? मग मेट्रो राहते ऑफिसच्या खर्चाने फिरणाऱ्यांची आणि आमच्यासारख्या आईला हौस म्हणून नेणाऱ्यांची.

आणि लोकलमध्ये काय चाललंय? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं धावत्या गाडीतून पडली, काही गेली. ती सकाळी घरून कामाला निघालेली माणसं होती. गिरगाव, परळ, लालबागमधून जी कुटुंबं कल्याण-डोंबिवलीकडे सरकली, त्यांची मुलं याच गाड्यांतून रोज उलटी मुंबईत येतात. ज्या मुलाची आजी गिरगावात चालत कामाला जायची, तो आता दीड तास दारात उभा राहून येतो, आणि आजीच्या जुन्या गल्लीखालून निम्मी रिकामी मेट्रो जाते. शहराचा नकाशा असा उलटा झालाय.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की घर आणि गाडी हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. स्टेशन आल्यावर गिरगावातल्या जमिनीचा भाव वाढणार. ती वाढ कुठून आली? तुमच्या-माझ्या करातून, कर्जातून. मग त्या वाढीतला पहिला हिस्सा त्या गल्लीत पन्नास-साठ वर्षं राहिलेल्या भाडेकरूच्या हक्काच्या घराला मिळायला नको? रखडलेले प्रकल्प म्हाडाला ताब्यात घेता यावेत म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली, २०२२ च्या शेवटी राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. कायदा कागदावर आहे. आमच्या पत्र्यांच्या आत मात्र पिंपळ वाढतोय.

हे सगळं आपण कुणाला विचारायचं? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ या शहरात नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. गटार तुंबलं तर कुणाचा दरवाजा वाजवायचा हे लोक विसरलेत. निवडणुकीचे वारे पुन्हा वाहतील. बॅनर लागतील, मेट्रोचं श्रेय सगळे घेतील. घेऊ द्या. दाराशी आले की चहा द्या आणि हे चार प्रश्न विचारा.

एक. दादर आणि सिद्धिविनायक मेट्रो स्टेशनपासून केईएम, टाटा, वाडिया अशी दर दहा मिनिटांनी छोटी बस कधी सुरू करणार? मार्ग जेमतेम चार-पाच किलोमीटरचा आहे. यासाठी बोगदा लागत नाही, जपानचं कर्ज लागत नाही.

दोन. प्रत्येक मेट्रो स्टेशनभोवतीचे पाचशे मीटर फुटपाथ म्हातारा माणूस न अडखळता चालेल असे कधी होणार, आणि त्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची? नाव आणि फोन नंबर स्टेशनच्या दारात लावा. फेरीवाल्याला हुसकावून नव्हे, त्याला जागा आखून देऊन.

तीन. बसने मेट्रोला आणि मेट्रोने पुन्हा बसला गेलं तर एकच भाडं कधी लागणार? निदान महिन्याचा एक पास तरी?

चार. तुमच्या प्रभागात पुनर्विकास रखडलेल्या चाळी किती, त्यांतली कुटुंबं किती, आणि प्रत्येकीचं काम कुठे अडलंय, ही यादी तुमच्याकडे आहे का? नसेल तर मत मागायला आलात कशाला?

चौथ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प बसतील. बसू देत, तेही उत्तरच आहे.

उगाच निराशेचं बोलतोय असं वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगून थांबतो. गिरगाव-काळबादेवीच्या लोकांनी २०१५ मध्ये रस्त्यावर उतरून "इथल्या इथेच" हे दोन शब्द सरकारकडून वदवून घेतले. तेव्हाही सगळे म्हणत होते, काही होणार नाही. बोलून होतं. उशिरा होतं, पण होतं. फक्त एकट्या चाळीने बोललं तर कुणी ऐकत नाही. मेट्रोच्या या पट्ट्यात कफ परेडपासून दादरपर्यंत रखडलेल्या जेवढ्या चाळी आहेत, त्यांनी एकत्र बोललं तर ऐकावं लागेल. आमच्या अडतीस घरांपैकी एकोणीस जणांचे नंबर जमवलेत. उरलेल्यांना शोधतोय.

परत येताना आई थकली होती. मी म्हटलं, टॅक्सीने सरळ लालबागला जाऊ. नको म्हणाली. "आले तशी जाते. पुन्हा कधी येणं होतंय." गाडीत बसल्यावर डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. वरळीच्या आसपास डोळे न उघडता विचारलं, "घर झालं, की या स्टेशनवरून चालत किती लागतील रे?"

सहा मिनिटं, म्हटलं. मोजली होती मी.

तुमच्या चाळीचं असंच काही अडलं असेल तर कमेंटमध्ये गल्ली आणि किती वर्षं झाली एवढं लिहा. बिल्डरचं नाव नको, शिवीगाळ नको. यादी करतोय. ती घेऊन जायचीय, प्रत्येक उमेदवाराकडे.